नाऊन मीच

राजकुमारच्या कपाळी सटवाईनं काय काय लिहून ठेवलं होतं ते तिलाच ठाऊक, पण त्यात इंग्रजीचं व्याकरण असेल असं त्याला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढं तेलुगू, आणि इंग्रजीचा तास आला की हा गडी मागच्या बाकावर जाऊन खिडकीतून बैलं मोजत बसणार. दहावीला इंग्रजीत काठावर सुटला तेव्हा घरात पेढे वाटले होते, बोला! त्यानंतर इंग्रजीशी त्याचा संबंध फवारणीच्या बाटलीवरच्या नावापुरता उरला, आणि त्यात दोघंही सुखी होते. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर पिकवायची, पहाटे ऑटोत भरून आदिलाबादच्या रैतू बाजारात, म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजारात न्यायचं, विकून झालं की घरी येऊन मायच्या हातची भाकर खायची. अशा माणसाचं पार्ट्स ऑफ स्पीचवाचून काय अडावं? पण अडलं. पोरगा प्रेमात पडला होता, दुसरं काय.

पोरीचं नाव मीनल. आदिलाबादच्याच एका इंग्रजी शाळेत शिकवायची आणि शाळा सुटली की राजकुमारच्या पालापाशी थांबायची. मेथीची जुडी उलटीपालटी करून बघायची, नाक मुरडायची आणि तीच जुडी घ्यायची. एक अख्खा हिवाळा हे चाललं. शेवटी राजकुमारच्या बहिणीनं, रूपालीनं, मध्ये पडून दोन्ही घरी गोष्ट घातली. पाव्हणे आपल्यातलेच निघाले, सोयरिकी जुळत होत्या, कोणी नाही म्हणायला जागा नव्हती. सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर मीनल एका दुपारी पालापाशी आली ती तोंड पाडूनच.

"आमचे आजोबा एक प्रश्न इचारतात," ती म्हणाली. "पाहाले येनाऱ्या हरेक पोराले."

"इचारू द्या की. शेती किती, पानी किती, सांगतो."

"ते नाई. पार्ट्स ऑफ स्पीच इचारतात. आठ. उदाहरनासकट."

राजकुमारच्या हातातली मेथी खाली पडली. मीनलचे आजोबा म्हणजे मोतीराम सर. जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. रिटायर झाले, पण खडू सुटला तरी खोड सुटली नव्हती. ज्या पोराला आठ सांगता आले नाहीत, त्याला चांगला चहा पाजायचे, चिवडा खायला लावायचे आणि बस किती वाजता आहे तेही सांगायचे. पुन्हा निरोप जायचा नाही. घरात त्यांच्या शब्दापुढं कोणी जात नव्हतं.

"आन मंचेरियलचा एक येऊन गेला," मीनल खालमानेनं म्हणाली. "हर्षदीप. हापिसात हाय. चहा यायच्या आधीच आठही सांगून मोकळा झाला. आजोबा तेवापासून त्याचंच नाव घेऊन राह्यले."

"आन तुमी?"

"मी मेथी घेऊन राह्यली," ती म्हणाली, आणि लाजेनं नव्हे तर रागानं लाल झाली. "काहो, दिसत नाई का तुमाले?"

आता एवढं स्पष्ट ऐकल्यावर जो माणूस इंग्रजी शिकणार नाही तो माणूसच नव्हे. रविवारी पाहायला जायचं ठरलं होतं. त्याच दुपारी, तिथंच, भाजीच्या पालावर शाळा भरली.

मीनलनं वांगं उचललं. "हे काय?"

"वांगं."

"नावच ना? मंग नाऊन. हे?"

"टमाटा. नाऊन. आन हे सांबार, नाऊन. काटा नाऊन. माप नाऊन." राजकुमार खूश झाला. आपल्याकडं एवढा माल आहे हे त्याला माहीतच नव्हतं. शेजारचा कांदेवाला पठ्ठ्या कान देऊन बसलेला, तो ओरडायलाच लागला, "आओ भैया, ताजा नाऊन, सस्ता नाऊन!" आणि दोन गिऱ्हाइकं खरंच वळली.

पण पुढं गाडी अडली. पालावर सगळे नाऊनच. बाकीचे सात शोधूनही सापडेनात. मीनलनं समजावलं, पाठ करवून घेतलं. राजकुमार तिच्यासमोर म्हणायचा आणि ती बसथांब्याकडं वळली की विसरायचा. तिनं कपाळाला हात लावला नाही हे तिचं मोठेपण. उलट म्हणाली, "घोकू नका. जे रोज पाहता त्याच्यावर बसवा. घरी किती मानसं हायेत तुमच्या?"

"हायेत भरपूर."

"मंग एकेकाले एकेक द्या. तोंड पाहिलं का नाव आठवन."

झालं! राजकुमारनं त्या संध्याकाळी घरात ही गोष्ट काढली आणि सरपंचाच्या निवडणुकीला होत नाही एवढा गोंधळ घरात झाला.

"पहिला कोनता?" वडिलांनी, नागोरावांनी, विचारलं.

"नाऊन. म्हंजे नाव."

"मंग नाऊन मीच," नागोरावांनी मिशीवरून हात फिरवत निकाल दिला. ते खोटंही नव्हतं. फाटकावर नागोरावांचं नाव, ऑटोच्या काचेवर नागोरावांचं नाव, पाण्याच्या टाकीवर, खताच्या पोत्यांवर, एवढंच काय, म्हशीला टोचलेला बिल्ला सोडला तर घरातल्या एकूण एक वस्तूवर नागोरावांचंच नाव होतं.

दुसरा प्रोनाऊन, नावाच्या ऐवजी येणारा. तो सरळ कुलदीपकाकांकडं गेला, कारण तहसीलीत, मयतीला, बारशाला, जिथं नागोरावांना कंटाळा यायचा तिथं काका त्यांच्या ऐवजी जायचे. काका फुरंगटले. "म्हंजे मी बदलीवरच का जन्मभर?" म्हणाले. पण दुसरा नंबर आहे म्हटल्यावर गप बसले.

जयवंताआत्याला अ‍ॅडजेक्टिव्ह मिळालं. आत्यानं आजवर कोणाचं नुसतं नाव घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तिच्या तोंडी 'ती फेंगडी सुशी', 'तो चिकट दुकानदार' असंच यायचं. विमलकाकू बेल्लमपल्लीच्या खाणीच्या क्वार्टरात वाढलेली. तिथल्या तेलुगू शेजारणींचं 'अय्यो' तिच्या तोंडी असं बसलं होतं की मीठ जास्त झालं तरी अय्यो आणि सोनं स्वस्त झालं तरी अय्यो. तिला न विचारताच इंटरजेक्शन दिलं. रूपाली तर सासर-माहेर जोडूनच होती आणि बाप-काकांचं भांडणही तीच मिटवायची, म्हणून ती कंजंक्शन. मांजर कधी चुलीवर, कधी बाजेखाली, कधी फडताळाच्या मागं, ते प्रिपोझिशन.

अ‍ॅडवर्बचं मात्र राजकुमारनं कोणाला सांगितलं नाही. काम कसं करायचं ते सांगणारा तो अ‍ॅडवर्ब, असं मीनल म्हणाली होती. घरात खाटेवर बसून "हळू ठेव, नीट धर, लवकर आन" असं दिवसभर सांगणारं माणूस एकच होतं, आणि त्याला आधीच एक पद मिळालं होतं.

राहिला वर्ब, यादीतला चौथा. वर्ब म्हणजे काम, क्रिया. हे ठरवायला कोणाला तोंड उघडावंच लागलं नाही, सगळ्यांची मान आपोआप चुलीकडं वळली. तिथं राजकुमारची माय, देवकाबाई, भाकरी थापत होती.

"माय, तू वर्ब," राजकुमार म्हणाला.

"बरं," माय म्हणाली. "तो हात सरकव, भाजशीन." एवढ्या जणांत तिनं एकटीनंच आपल्याला काय मिळालं याची चौकशी केली नाही.

रविवार उजाडला. ऑटो धुऊन काढला तरी सांबाराचा वास जाईना. नागोरावांच्या घराण्यात एक रीत होती, ती इथं सांगायलाच पाहिजे. सोयरिकीच्या बोलण्याला निघालं की घराला कुलूप लावायचं नाही. दार उघडं, चूल पेटती, आणि उंबऱ्याशी घरचं माणूस बसलेलं पाहिजे. कुलूप पाहून लक्ष्मी माघारी जाते म्हणे. रीत चांगली होती. फक्त ते उंबऱ्याशी बसणारं घरचं माणूस कोण, हे कोणी कधी ठरवलं नव्हतं आणि तरी ते दर वेळी ठरलेलं असायचं. राजकुमार मायच्या पाया पडला, मायनं त्याच्या हातावर दही ठेवलं, "नीट बोलजो" म्हणाली. नागोराव ऑटोतून ओरडले, "झाले का सगळे?" आणि सगळे एका सुरात म्हणाले, "झाले!"

मोतीराम सरांच्या बैठकीत सर मध्ये खुर्चीवर, पाव्हणे भिंतीशी. सरांच्या हातात छडी नव्हती, पण हात छडी असल्यासारखाच धरलेला. मीनलची आई सुनयना चिवडा ठेवून गेली. मीनल चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. हर्षदीपनं चहाच्या आधी सांगितले होते. इथं चहा तर आला.

"हं," सर म्हणाले. "पार्ट्स ऑफ स्पीच."

राजकुमारनं बापाच्या मिशीकडं पाहिलं. "नाऊन, सर. उदाहरन, बाबा." नागोरावांनी मान डोलावली. "प्रोनाऊन, काका. बाबाच्या ऐवजी जातात." सरांच्या भुवया वर गेल्या. "अ‍ॅडजेक्टिव्ह, आत्या." आत्या गोड हसली, तिला वाटलं सर्वांत मोठं हेच असणार.

मग राजकुमारची नजर पुढं सरकली आणि भिंतीला लागली. आत्यानंतर जे तोंड दिसायला पाहिजे ते कुठंच नव्हतं.

"चौथा?" सर म्हणाले.

"येते, सर. पुढचे सांगतो आधी." घाम फुटला होता, आणि घाम फुटलेला माणूस खरं बोलून जातो. "अ‍ॅडवर्ब, हे बी बाबाच. कामाले हात लावत नाईत, काम कसं करायचं ते सांगतात. लवकर, नीट, हळू."

"अय्यो!" विमलकाकू किंचाळली.

"आन हे इंटरजेक्शन, सर," राजकुमारनं लगेच बोट दाखवलं.

मोतीराम सर खोकले. खोकला होता की हसू, ते कळायला मार्ग नव्हता, त्यांनी तोंडावर उपरणं धरलं होतं. नागोरावांची मिशी मात्र जागच्या जागी थांबली. कंजंक्शन रूपालीकडं पाहून निघालं. प्रिपोझिशनला मांजर नव्हतं, पण सरांच्या खुर्चीखाली चपला होत्या, त्यांनी वेळ निभावली.

"सात झाले," सर म्हणाले. "चौथा राहिला."

चौथा! राजकुमारनं सगळी तोंडं पुन्हा एकदा चाचपली. बाबा झाले, काका झाले, आत्या झाली. डोक्यात नुसता धूर. त्यानं दाराकडं पाहिलं. घरातल्यांची वाटणी पालावर ऐकून बसलेल्या मीनलनं ट्रे कमरेशी टेकवला होता आणि दुसऱ्या हाताचा पंजा हवेत हळूच थापत होती. आजोबांच्या घरात उभं राहून नातीनं केलेली ही कॉपी होती, आणि ती केली म्हणून मी तरी तिला नावं ठेवणार नाही.

थापायचं. भाकर. चूल. माय!

शब्द आला, अगदी जिभेवर आला. पण शब्दाच्या आधी माय आली. दह्याचा हात लुगड्याला पुसत, ऑटो वळेपर्यंत उंबऱ्यात उभी राहिलेली. आणि राजकुमारला एकदम लाज वाटली, एवढी की मीनल समोर आहे हेही तो विसरला. ज्या बाईच्या तोंडाकडं पाहून आठवायचं असं ठरलं होतं, तिला सोबत घ्यायचं ह्या एवढ्या सगळ्या जणांपैकी एकालाही आठवलं नव्हतं. त्यालासुद्धा नाही.

"सर," तो म्हणाला, "तो घरी राहिला."

"कोन घरी राहिला?"

"चौथा. माय."

"व्याकरन घरी ठेवून येते का कोनी?" सर गरजले. "मी शब्द इचारला. सांगतो का चुकलं म्हनू?"

"चुकलंच, सर. आमचं चुकलंच." राजकुमार उठून उभा राहिला. "घरात सगळं तीच करते आन आज तिले चाल म्हनायचं कोनाले सुचलं नाई. तिनं सून पाहू नाई तर कोनी पाहावं? मी तिले आनतो. मंग तुमी मंचेरियलवाल्याले द्या का मले द्या, तुमची मर्जी."

"बस खाली!" नागोराव ओरडले. "घर उघडं हाय तिकडं! कोन बसन उंबऱ्याशी? तुले आपली रीत मालूम नाई का?"

तेव्हा रूपाली बोलली. बोलली ती हळू आवाजात, पण बैठकीत सगळ्यांना ऐकू गेलं. "बाबा, माह्या सोयरिकीच्या टायमाले बी माय उंबऱ्याशीच होती. माह्या सासरचं घर तिनं मोबाइलच्या फोटोत पाहिलं. रीत हाय ना, घरचं मानूस बसलं पाहिजे. मंग तुमी काय पाव्हने हाव का घरात?"

भावाची अडचण पाहून कुलदीपकाका सवयीनं उठले. "राहू दे, दादाच्या ऐवजी मी जाऊन बसतो."

"नाही!" मोतीराम सरांनी हात वर केला. "प्रोनाऊन नको. खुद्द नाऊन जाऊ द्या."

नागोरावांनी पटका डोक्याला गुंडाळला, कोणाकडं न बघता चपला शोधल्या आणि ऑटोत जाऊन बसले. मीनल दारातून एवढंच म्हणाली, "लवकर या." ती आजोबांकडं पाहत नव्हती.

कापसाच्या गाड्या मागं पडल्या, गावचा फाटा आला, तेव्हा नागोरावांनी घसा खाकरला.

"अ‍ॅडवर्ब बी मीच का रे?"

"हो, बाबा."

नागोराव पुटपुटले, "आठातले दोन." ते रागावले होते की मोजत होते, हे राजकुमारला शेवटपर्यंत कळलं नाही.

देवकाबाई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. ऑटो इतक्या लवकर परत आला हे बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. "काय झालं? नाई म्हनले का?"

"तुले बोलावलं, माय."

"मले? काऊन बाप्पा? माह्याकडून काय झालं?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. नागोराव उंबऱ्याशी आले, इकडंतिकडं पाहिलं, आणि ती उठली तिथंच मांडी घालून बसले. मेथीची जुडी पुढं होती. ती कोणत्या बाजूनं धरतात हे त्यांनी जरा विचार करून ठरवलं. "जा," म्हणाले. "मी बसतो."

"आन चूल?"

"पाहतो."

"दूध तापवाचं हाय अजून."

"पाहतो म्हनलं ना!"

रूपालीच्या लग्नातलं हिरवं लुगडं पेटीत होतं, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. ते नेसून माय ऑटोत बसली, आणि गाव मागं पडेपर्यंत वळून वळून घराकडं बघत राहिली. राजकुमारला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, त्यामुळं त्यानं नुसता ऑटो हाकला.

सरांच्या बैठकीत माय आली ती भिंतीच्या कडेकडेनं. टेकली न टेकली तोच तिची नजर रिकाम्या कपांवर गेली आणि हात आपसूक पुढं झाला. तिनं तीन कप गोळाही केले. मीनल झटकन आली, कप तिच्या हातून काढून घेतले आणि तिच्या शेजारी बसली. "राहू द्या, मामी. आज तुमी बसा."

माय बसली. हाताचं काय करावं हे तिला सुचेना. शेवटी तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं पाहत राहिली, कोण्या परक्याचे असावेत तसे.

"चौथा?" मोतीराम सरांनी राजकुमारला विचारलं.

"वर्ब, सर."

"उशीर केला."

"लय उशीर झाला, सर," राजकुमार मायकडं पाहून म्हणाला.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मीनलकडं वळले. "तो मंचेरियलचा आठ बरोबर सांगून गेला, पोरी. एका दमात. तुझं काय म्हननं हाय?"

"ह्यांनी सात सांगितले, आठवा जाऊन घेऊन आले," मीनल म्हणाली. "माह्यं झालं सांगून. पन आता मामीले इचारा. त्यांनी पाहिलं कुठं अजून मले?"

सगळे देवकाबाईकडं बघायला लागले. तिला कोणी काही विचारायची ही पहिलीच खेप. ती पदराशी चाळा करत मीनलच्या तोंडाकडं बघत राहिली. तेवढ्यात रूपालीच्या पर्समध्ये फोन वाजला. नागोरावांचा. रूपालीनं आवाज मोठा करून तो मायपुढं धरला.

"देवका! चहापत्ती कोनत्या डब्यात हाय?"

"निळ्या," माय म्हणाली.

"निळे दोन हायेत!"

"झाकन नसलेला."

तिकडं डबे आपटल्याचा आवाज आला. मग एक लांब फुस्स असा आवाज, आणि नागोरावांची बोंब. "अवं! दूध उतू गेलं! सगळं चुलीत! अवं, तू ये इकडं लवकर!"

"अय्यो!" विमलकाकू म्हणाली.

माय ताडकन अर्धी उठली. मीनलनं तिचा हात धरला होता; तो हात तिनं सोडला नाही, नुसता धरून ठेवला. मायनं त्या हाताकडं पाहिलं. मग ती पुन्हा खाली टेकली, यावेळी नीट, ऐसपैस, भिंतीला पाठ लावून. फोन तोंडाशी ओढला.

"फडकं खुंटीले हाय," ती म्हणाली. "पुसून घ्या. हळू पुसा, चटका बसन. आन नीट पुसा. मले आता याले नाई जमत. मी सुनेजवळ बसली हाव."